बबनमामांची वास घेण्याची रीत

बबनमामा कुठल्याही वस्तूला थेट नाक लावत नाहीत. चहाचा कप आला की तो हातभर लांब धरतात, मान जरा मागे घेतात आणि दुसऱ्या हाताच्या पंजाने कपावरची हवा हळूहळू आपल्याकडे ओढतात. एकदा, दोनदा, तीनदा. मग डोळे मिटून निकाल देतात, "आलं हाय. विलायची न्हाय." पहिला घोट त्यानंतर.

रसायनाचा वास असाच घ्यायचा असतो. बाटलीवर नाक न्यायचं नाही, हाताने हवा ओढायची, हा नियम प्रत्येक प्रयोगशाळेच्या भिंतीवर लिहिलेला असतो. मामा नोकरीला लागले त्या पहिल्या दिवशी तेव्हाच्या सरांनी त्यांना तो सांगितला, पण तो फक्त रसायनांपुरता आहे हे सांगायचं राहून गेलं असावं. शेजाऱ्यांच्या नव्या ट्रॅक्टरची पूजा झाली तेव्हा मामांनी सायलेन्सरपाशी उभं राहून हवा ओढली. पुतणीच्या लग्नात वरमालेवरून ओढली. भाच्याच्या मुलाच्या बारशाला पाळण्यावरून ओढली आणि सगळ्या बायकांसमोर जाहीर केलं, "बाळ शुद्ध हाय, भेसळ न्हाय."

माझ्या नोकरीचा पहिला दिवस होता तेव्हा त्यांनी प्रयोगशाळेच्या दारातच मला थांबवलं, दोन हात लांबून पंजा हलवला आणि टेबल पुसता पुसता स्वतःशीच म्हणाले, "नवीन मॅडम. रंगहीन, गंधहीन. धोका न्हाय."

मला काय बोलावं सुचलं नाही. मला बहुतेक वेळा सुचत नाही.

मामा आमच्या शाळेचे प्रयोगशाळा परिचर. निमगाव केतकीच्या अलीकडे रस्त्याला लागून शाळा आहे आणि तिच्या वरच्या मजल्यावर अकरावी-बारावी. मी तासिका तत्त्वावर रसायनशास्त्र शिकवते, बारामतीहून एसटीने येते, आणि नववीच्या विज्ञानाच्या बाई दीर्घ रजेवर गेल्यापासून तो वर्गही माझ्याकडे आहे. अकरावी-बारावी इंग्रजीतून असते, तिथे माझं निभतं. नववी मराठीतून. माझी सगळी शाळा इंग्रजी माध्यमात गेली, त्यामुळे मला येणारं रसायनशास्त्र त्या मुलांना येत नव्हतं आणि त्यांना येणारं मला.

पहिल्या तासाला मी परीक्षानळी वर धरून म्हणाले, "बघा, खाली प्रेसिपिटेट तयार झाला." चाळीस चेहरे निर्विकार. दारात फडकं घेऊन उभे असलेले मामा शांतपणे म्हणाले, "अवक्षेप." चाळीस माना हलल्या. मग ते रोजचंच झालं. मी बोलायचे, मुलं मामांकडे बघायची, मामा एक शब्द टाकायचे, तास पुढे जायचा. एकदा मीच वाक्याच्या मध्ये थांबून दाराकडे बघितलं, तर मामा म्हणाले, "बोला की. बरोबर चाललंय."

द्रव्य म्हणजे काय, हे मामांकडून ऐकावं. "जागा अडवतं आन वजन भरतं, ते द्रव्य. बाकी सगळ्या गप्पा." मग त्यांची आवडती विभागणी सुरू व्हायची. हेडक्लार्क स्थायू, ढकलल्याशिवाय जागचे हलत नाहीत. पीटीचे सर द्रव, ज्या भांड्यात घालाल त्याचा आकार घेतात. आणि प्राचार्य सर वायू. "जेवढी जागा द्याल तेवढी व्यापत्यात. मानूस लाखमोलाचा, पन त्यांच्या कानावर घातलेली गोष्ट मधल्या सुट्टीपतोर गेटवर पोचती. तितनं गावात. ह्याला विसरण म्हनत्यात."

"आणि मी?" असं मी विचारलं नव्हतं. त्यांनीच सांगितलं.

"तुमी राजवायू."

मला वाटलं कौतुक आहे. दिवसभर बरं वाटत होतं. घरी जाऊन नववीचं पुस्तक उघडलं तेव्हा कळलं की हेलियम, निऑन, अरगॉन हे राजवायू. हवेत असतात, पण कुणाशी संयोग पावत नाहीत.

आसपासच्या डाळिंबवाल्यांसाठी मामा म्हणजे कृषी अधिकाऱ्यापेक्षा वरचे. कारण अधिकारी अर्ज मागतात, मामा फक्त वस्तू मागतात. एकदा बावड्याहून त्यांचे मेव्हणे पोत्यात गुंडाळलेली बादली घेऊन आले. नवी कोरी लोखंडी बादली, तळाला भोकं.

"दाजी, दुकानदारानं फसवलं. चारदाच वापरली. त्याच्याकडं जायच्या आधी म्हनलं तुमास्नी दावावी."

मामांनी बादली हातभर लांब धरली, पंजा हलवला, आत बघितलं. तळाशी तांबूस थर होता.

"मोरचूद कालवलं व्हतं ह्यात?"

"व्हय. डाळिंबावर बोर्डोचं औषध मारायचं व्हतं."

"आन मोरचूद कशात कालवायचं, हे तुला मी किती वर्सं सांगतोय?"

"प्लास्टिकात."

"मग?"

"प्लास्टिकची बादली हिनं पापडाला घेतली."

मामांनी मला हाक मारली, जणू मी साक्षीदार. "बघा मॅडम. मोरचुदात तांबं. बादलीचं लोखंड तांब्यापेक्षा चपळ. लोखंड म्हनलं, सरक, आता द्रावनात मी बसतो. तांबं बिचारं बाहेर येऊन तळाला बसलं. त्या दोघांनी जागा बदलल्या, मधल्या मधी ह्याची बादली गेली. विस्थापन." मग मेव्हण्याला म्हणाले, "दुकानदाराकडं गेलास तर तो तुला नववीत बसवंल." मेव्हण्याने पोतं पुन्हा गुंडाळलं. ती बादली अजून प्रयोगशाळेत आहे, विस्थापनाच्या धड्याला मामा ती वर्गात फिरवतात आणि मालकाचं नाव गावासकट सांगतात.

या सगळ्यावरून मामांना वासाचं केवढं ज्ञान असेल असं वाटतं ना? मलाही वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात बारावीच्या प्रॅक्टिकलला हायड्रोजन सल्फाइडच्या उपकरणाची तोटी सैल राहिली. सडक्या अंड्यांचा वास म्हणजे काय, हे ज्याला एकदा कळलं त्याला पुन्हा सांगावं लागत नाही. मुलं नाक दाबून बाहेर पळाली. मी ओढणी नाकाशी धरून सगळ्यांच्या शेवटी निघाले आणि दारातून मागे वळून बघितलं. मामा उपकरणापासून चार हातांवर स्टुलावर बसले होते. शांतपणे, खळ लावून बाटल्यांना लेबलं चिकटवत होते.

मान वर करून म्हणाले, "काय झालं? साप निघाला का?"

मी आत गेले, तोटी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि त्यांना हाताला धरून बाहेर आणलं. मुलं खाली गेल्यावर व्हरांड्यात उभे राहून त्यांनी विचारलं, "लई वास हाय?"

"खूप."

"अजून?"

"अजून."

मग त्यांनी सांगितलं. साथीच्या वर्षी त्यांना आणि मामींना एकदमच ताप आला आणि दोघांचा वास गेला. मामींचा पंधरा दिवसांत परत आला. "माझा यायचाय," मामा म्हणाले. आत्ता येईल, गाडीला उशीर झालाय, अशा आवाजात. त्याला तीन वर्षं झाली होती.

म्हणजे मला 'गंधहीन' म्हणणाऱ्या माणसाला त्या दिवशी कुठलाच गंध येत नव्हता. चहातलं आलं त्यांना कळायचं ते चहावाल्याच्या गाळणीत आधीच डोकावल्यामुळे.

"प्राचार्य सरांना का नाही सांगितलं?"

"लॅब काढून घेत्याल. पन त्याचं एवढं न्हाय, मॅडम." ते थोडा वेळ कठड्याचा रंग खरवडत राहिले. "तुमच्या मामींना मी सांगितलंय, माझा बी वास आलाय म्हनून. ती म्हनली व्हती, तुमाला वास न्हाय तर मी फोडनी द्यायची कुनासाठी. आन खरंच, दोन दिस नुसतं उकडून वाढलं. तिसऱ्या दिशी म्हनलं, आला बघ वास. तवापासनं रोज विचारती, कसं झालंय? मी म्हनतो, झ्याक. आता हितं कळलं की सांच्याला घरी पोचनार. विसरण."

मी कुणाला सांगणार नाही, असं म्हणाले. असली आश्वासनं पाळणं मला सोपं जातं. मी तसंही कुणाला काही सांगत नाही.

त्यानंतर आमची एक व्यवस्था बसली. वासाने ओळखायची बाटली आली की मामा पंजा हलवायचे आणि डोळा माझ्यावर ठेवायचे. मी चष्मा वर सरकवला तर ॲसिटिक ॲसिड, कानातलं चाचपलं तर स्पिरिट, ओढणी सावरली तर ॲसिटोन. बारावीच्या परीक्षेला बाहेरून परीक्षक आले, त्यांनी लेबल पुसट झालेली बाटली उचलून विचारलं, "मामा, हे काय आहे?" मामांनी तीनदा हवा ओढली. मी चष्मा वर सरकवला. "ॲसिटिक, सर." परीक्षकांनी स्वतः हुंगून बघितलं आणि म्हणाले, "असं नाक आता राहिलं नाही हो." मामा म्हणाले, "व्हय सर, न्हाय राहिलं." त्यानंतर माझा कान खरोखर खाजत होता, पण मी अर्धा तास हात वर केला नाही.

हे असंच त्यांच्या निवृत्तीपर्यंत चाललं असतं. दोनच वर्षं राहिली होती.

मग एका गुरुवारी मी पहिल्या तासाआधी प्रयोगशाळेत शिरले आणि गॅसचा वास भपकन अंगावर आला. स्वयंपाकाचा, सिलिंडरचा गॅस. बर्नरची रबरी नळी टोकाला चिरली होती. खिडक्या बंद होत्या. आणि मामा पाठमोरे उभे होते, सकाळची उदबत्ती लावायला, हातात काडेपेटी, काडी बाहेर काढलेली.

"मामा, काडी ओढू नका."

माझा आवाज खालच्या मजल्यावर शिपायाला ऐकू गेला, असं तो नंतर सांगत होता. मामा जागच्या जागी थांबले. मी सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या, त्यांच्या हातातून काडेपेटी घेतली. व्हरांड्याच्या टोकाला बारावीची पंचवीस मुलं जिना चढत होती.

आम्ही दोघं बाहेर येऊन उभे राहिलो. मामांनी हातात राहिलेली काडी फडक्यात गुंडाळली. प्रॅक्टिकल रद्द करून मी मुलांना खाली पाठवलं. मग मला जे बोलायचं होतं ते मी मनात एकदा म्हणून बघितलं आणि बोलले.

"मामा, आता हे मी झाकणार नाही. सोमवारपर्यंत तुम्ही सरांना सांगा. नाहीतर मी सांगेन. आणि तोवर सिलिंडरच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे द्या."

त्यांनी किल्ली काढून दिली. "राजवायू संयोग पावला म्हनायचा," असं म्हणाले, पण त्यांना हसू आलं नाही.

"सरांना सांगितलं की घरी पोचंल," मग म्हणाले.

"मग आधी घरी सांगा."

"तुमाला सोपं वाटतंय. तीन वर्सं झ्याक म्हनतोय मी."

शुक्रवारी ते माझ्याशी बोलले नाहीत. नववीच्या तासाला दारात उभेही राहिले नाहीत. 'सोल्यूट'ला मराठीत काय म्हणतात ते मला आठवेना, तर मी फळ्यावर साखर आणि पाण्याचं चित्र काढून वेळ निभावली. शनिवार-रविवार माझे काही बरे गेले नाहीत. एका माणसाचं घर आपण मोडतोय का, हा प्रश्न मी दोन दिवस बाळगला. पण गॅसचा तो वास आठवला की उत्तर तेच यायचं.

सोमवारी प्रार्थनेनंतर मामा स्टाफरूमच्या दारात आले. हातात कापडी पिशवी.

"सरांना सांगून आलो. एक तारखेपास्नं लायब्री. मी म्हनलं चालंल. वाळवी डोळ्यानं दिसती."

"आणि घरी?"

"घरी काल सांगितलं." ते आत येऊन बसले, जे ते कधी करत नाहीत. "मला वाटलं रडंल. ती चिडली, मॅडम. पन वेगळ्याच गोष्टीवर. म्हनली, तीन वर्सं भाजी खाली लागू दे, हिंग जादा हू दे, तुमी झ्याक म्हनायचा. मी मुद्दाम फोडनी करपवून बगितली, तरी झ्याक. मला वाटलं, ह्या मानसाचं माज्याकडं ध्यानच न्हाय राहिलं. म्हनली, नाक गेलं व्हतं तर नाक गेलं म्हनायचं. मी तीन वर्सं उगं जीव जाळला."

"मग?"

"मग काय. रात्री उगीच भांडी आपटली. सकाळी ही चटणी केली." त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. तो अजून गरम होता. "म्हनली, आता तुमच्यावर इस्वास न्हाय. शाळंत ज्याला नाक हाय त्याला इचारून या, कसं झालंय. आन झ्याक सोडून दुसरा शब्द आना."

ते डब्याकडे बघत होते, मी घड्याळाकडे. पहिला तास नववीचा. धडा द्रव्याच्या कणांचा. कण सतत हलत असतात, एका ठिकाणाहून सगळीकडे पसरतात, हे मला त्या दिवशी शिकवायचंच होतं, आणि त्यासाठी पर्समध्ये अत्तराची बाटली आणली होती. ती मी तशीच राहू दिली.

"मामा, हा तास तुम्ही घ्या," मी म्हणाले.

त्यांनी खिडक्या लावायला सांगितल्या, पंखा बंद केला. फडकं खांद्यावर टाकून टेबलामागे उभे राहिले. "डबा उघडनार हाय. जागचं कुनी हलायचं न्हाय. ज्याच्यापतोर वास पोचंल त्यानं हात वर करायचा आन काय आलं ते सांगायचं. खोटं बोलायचं न्हाय. न्हाय आला तर न्हाय म्हना, त्यात लाज न्हाय."

झाकण निघालं. पहिल्या बाकावरचे तीन हात लगेच वर गेले.

"लसूण."

"लसूण, मामा."

मामांनी प्रयोगवहीचा एक कोरा कागद घेतला आणि लिहिलं. दुसऱ्या बाकावर थोडा वेळ काहीच झालं नाही, मग तिथे हात उगवले. "खोबरं भाजल्यालं." मग तिसऱ्या. "मिरची. ठसका लागतोय." वास वर्गात कुठवर पोचला ते दिसत होतं, पावसाची सर रानातून सरकताना दिसते तसं. मामा कागदावर लिहायचे आणि लगेच मान वर करून पुढच्या बाकाकडे बघायचे. इतक्या एकाग्रतेने मी त्यांना काही बघताना पाहिलं नव्हतं.

मधल्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "तीळ हायत."

"तीळ?" मामा चमकले. "कधीपास्नं घालती तीळ?" आणि लिहिलं.

शेवटच्या बाकावरची मुलगी सगळ्यांच्या शेवटी हात वर करून उभी राहिली. "मामा, लसूण जरासा करपलाय. पन चांगला करपलाय. आमची आजी करती तसा."

"'चांगला करपलाय' म्हंजे कसा? नीट सांग."

मुलीने विचार केला. "म्हंजे भाकरी घिऊन यावं वाटतं, असा."

ते तसंच्या तसं कागदावर गेलं. मग मामांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुमचं राहिलं."

मी भिंतीपाशी उभी होते. पुढे गेले, डबा हातभर लांब न धरता सरळ जवळ घेतला आणि मला जे जे येत होतं ते सगळं सांगितलं. खोबरं कडेने जास्त भाजलंय, मध्ये कच्चं राहिलंय. जिरं आहे, थोडंच. मिरची सुकी, घरची, तळून नाही, तव्यावर फिरवून घेतलेली. चिंच नाही, आमसूल असावं. मी इतका वेळ बोलले की मुलं माझ्याकडे बघायला लागली, आणि त्यात एकही इंग्रजी शब्द आला नाही. मामा लिहीत होते. मी थांबले तर म्हणाले, "आन?" मग मी आणखी सांगितलं.

मधल्या सुट्टीत नववीने तो डबा रिकामा केला. वर्गातल्या एकीने तो नळाखाली धुवून, ओढणीने पुसून परत आणून दिला. मामांनी कागद एकदा पहिल्यापासून वाचला, 'तीळ'च्या खाली रेघ मारली, चार घड्या घालून डब्यात ठेवला आणि झाकण घट्ट लावलं.